द्वारा, राइट टाउन

आमच्या घरी येणाऱ्या पत्रांतली निम्मी पत्रं आमची नसत. पोस्टकार्डावर ‘परिक्रमावासी’ असं लिहिलेलं असे, पुढे कुणाचं तरी नाव, मग ‘द्वारा’ आणि आमच्या आजोबांचं नाव, आणि शेवटी ‘राइट टाउन, जबलपूर’. पत्रं मिरजेहून येत, चाळीसगावहून येत, पुण्याच्या नारायण पेठेतून येत. कुणाच्या सुनेला मुलगी झालेली असे, कुणाच्या बांधावरच्या भांडणाचा निकाल लागलेला असे. पोस्टकार्ड उघडंच, तेव्हा घरातले सगळे वाचत. आत्याचा नियम एवढाच होता की वाचलं तरी त्यावर बोलायचं नाही. पत्रं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहत. तीन महिने वाट बघायची, मग उलट टपाली परत पाठवायची.

नर्मदा परिक्रमेची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नदी कायम उजव्या हाताला ठेवून चालायचं आणि मध्ये कुठेही ती ओलांडायची नाही. बहुतेक मराठी माणसं ओंकारेश्वरहून निघतात, दक्षिण तटाने समुद्रापर्यंत जातात, विमलेश्वरला नावेत बसून मिठी तलाईला उतरतात आणि उत्तर तटाने उगमाकडे, अमरकंटकला चालू लागतात. जबलपूर या उत्तर तटावर येतं. इथवर पोचलेल्या माणसाच्या टाचा फुटलेल्या असतात, पैसे संपलेले असतात आणि घरची खुशाली कळून कित्येक आठवडे झालेले असतात. ग्वारीघाटापासून राइट टाउन सहा-सात किलोमीटर. नदी ओलांडायची नाही हा नियम आहे. नदीपासून थोडं आत जायला कुणाची हरकत नाही. मराठी बोलणारं एक घर शहरात आहे आणि तिथे पत्र मागवता येतं, हे तोंडातोंडी पसरलं होतं. कुणी पसरवलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

यात एक गंमत होती, ती मला फार उशिरा उमगली. आमच्याकडे राहून गेलेला माणूस त्या फेरीत आमच्याकडे पुन्हा येऊच शकत नसे. अमरकंटकला वळसा घालून तो दक्षिण तटाने परते आणि दीड-दोन महिन्यांनी बरोबर ग्वारीघाटाच्या समोर, गुरुद्वाऱ्याच्या बाजूला येऊन पोचे. तिथून त्याला घाटावरचे दिवे दिसत. मध्ये फक्त नदी. उशिरा आलेली पत्रं घेऊन आत्या नावेतून पलीकडे जाई. ती परिक्रमेत नव्हती, तिला ओलांडायला मोकळीक होती.

राइट टाउन हे नाव ऐकलं की बाहेरचे लोक विचारतात, मग लेफ्ट टाउन कुठे आहे? आम्ही नेपियर टाउनकडे बोट दाखवतो. दोन्ही वस्त्या साहेबी नावाच्या, सरळ काटकोनात कापलेल्या रस्त्यांच्या. माझ्या लहानपणी इथे बंगला म्हणजे मधोमध घर आणि चहूबाजूंनी अहाता. घरापेक्षा मोकळी जागा जास्त. शेजारी बंगाली डॉक्टर, पलीकडे गुजराती व्यापारी, कोपऱ्यावर काश्मिरी प्राध्यापक आणि आमच्यासारखी काही मराठी घरं. मराठी माणूस या भागात तसा जुना. गढा-मंडल्याचं राज्य १७८१ साली सागरच्या मराठ्यांनी घेतलं, १७९८ नंतर ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि १८१७ साली इंग्रजांनी जबलपूर घेतलं. एवढ्या थोड्या वर्षांत राज्य येऊन गेलं, पण कारकून, वैद्य, पुजारी आणि वकील मागे राहिले. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर, म्हणून आणखी आले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर एका राज्यात आणि जबलपूर दुसऱ्या राज्यात गेलं, तेव्हा आजोबा म्हणाले होते म्हणे, की मी खुर्चीवरून न उठता परराज्यात गेलो.

आमची मराठी पुण्याच्या पाहुण्यांना हसू आणते. आम्ही ‘किल्ली’ला चाबी म्हणतो, ‘काय करून राहिलीस’ असं विचारतो. गजानन माधव मुक्तिबोध काही काळ जबलपूरला शिक्षक होते. ते हिंदीचे कवी झाले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे. एका घरात दोन भाषांची अशी वाटणी कशी होते, याचं मोठ्या लोकांना नवल वाटतं. आमच्याकडे ती रोज ताटावर होत असे: वरणभात मराठीत, भांडण हिंदीत.

घर आजोबांनी १९३४ साली बांधलं. जमीन नझूलची, भाडेपट्ट्यावरची. समोर पोर्च, त्याला लागून कवेलूंची उतरती परछी. परछी हा शब्द आमच्या मुलखातला. पडवी म्हणा हवं तर. पाहुणे तिथे उतरत. परछीला बाहेरून वेगळा दरवाजा होता, कोपऱ्यात मातीची चूल होती, आणि भिंतीला खुंट्या होत्या, त्यांवर झोळ्या लटकत.

बाग मात्र दोन होत्या. समोरची आजोबांची आणि मागची आत्याची. समोर लॉन, त्याभोवती विटांच्या कडा, आणि थंडीत फ्लॉक्स, लार्कस्पर, पेटुनिया, हॉलिहॉक, दोऱ्यांवर चढवलेले स्वीट पी. बियाणं पुण्याच्या पोचांकडून टपालाने येई, छोट्या पाकिटांत, प्रत्येकावर फुलाचं रंगीत चित्र. आजोबा ती पाकिटं खटल्याच्या कागदांसारखी तारीखवार लावून ठेवत. दसऱ्याच्या सुमाराला रोपं करायची आणि फेब्रुवारीत कुणी साहेब किंवा न्यायाधीश चहाला आला की खुर्च्या लॉनवर टाकायच्या. उन्हाळा लागला की सगळं जळून जाई. चार महिन्यांच्या दिमाखासाठी आठ महिने राबायचं, असा तो हिशेब होता. साहेबांच्या देशातली बाग इथल्या थंडीपुरती उसनी आणायची.

मागच्या बागेला बियाणं लागत नसे. मोगरा, तगर, जास्वंद, पिवळी कण्हेर, प्राजक्त, विहिरीजवळ कर्दळ, तुळशी जागोजागी. कुणीतरी कधीतरी फांदी आणून खोचलेली, ती जगली. आमचा माळी पाटणकडचा होता, त्याला सगळे कक्का म्हणत. त्याचा पगार समोरच्या बागेचा. जीव मागच्या बागेत. कुंपणाला लागून टणटणीची झुडपं होती, तीही मूळची साहेबांच्याच हौसेची. शोभेसाठी म्हणून बाहेरच्या देशातून आणलेलं ते झुडूप अहात्यातून सुटलं आणि मध्य प्रदेशच्या जंगलात असं पसरलं की आता वनखातं ते उपटता उपटता थकलं आहे. उसन्या बागेतलं तेवढंच एक इथलं झालं.

दोन बागांची सीमा पाहुण्यांना कुठे ठाऊक? परिक्रमावासी जवळ नर्मदेच्या पाण्याची छोटी बाटली बाळगतो आणि रोज पहाटे तिची पूजा करतो. पूजेला फूल हवं. अंधारात उठून ते सरळ समोरच्या वाफ्यात शिरत. सकाळी आजोबा चहाचा कप घेऊन परछीत येत, तेव्हा त्यांचे निळे लार्कस्पर औषधाच्या बाटलीसमोर रांगेने वाहिलेले असत. एकदा तर स्वीट पीचा हार होता. आजोबा काही बोलत नसत, परत आत जात आणि कोर्टात त्या दिवशी फार मोठ्याने बोलत.

दोन्ही बागांच्या मध्ये, परछीच्या टोकाला बकुळ होती. तिच्यावर दोघांचा हक्क सारखा. आमच्या घरापासून जवळच्या भंवरताल बगिच्यातही एक बकुळ आहे. आमच्याकडे तिला मौलश्री म्हणतात. २१ मार्च १९५३ च्या रात्री त्या झाडाखाली आपल्याला ज्ञान झालं, असं रजनीशांनी पुढे सांगितलं. तेव्हा ते जबलपुरात शिकत होते. पुण्याच्या वाचकांना पुढचं सांगायला नको. एकदा दोन परदेशी तरुण ते झाड शोधत चुकून आमच्या फाटकातून आत आले, आमच्या बकुळीखाली डोळे मिटून तासभर बसले. आत्याने त्यांना चहा दिला. मी खरं सांगायला निघाले तर तिने मला दंडाला धरून मागे ओढलं. “बकुळच आहे ना?” म्हणाली.

प्रवाशांना उतरायला जबलपुरात जागा नव्हती असं नाही. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून येणारी लोहमार्गाची वाट इथे अलाहाबादकडून आलेल्या वाटेला मिळाली आणि मुंबई-कलकत्ता जोडले गेले. समारंभाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आणि राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ एडिंबरा, इथे आले होते. साहेब लोकांसाठी सिव्हिल लाइन्समध्ये जॅक्सन्स हॉटेल होतं. आमच्या वडिलांच्या सांगण्यानुसार तिथली छतं इतकी उंच की पंख्याचा वारा खाली येईपर्यंत गरम होई. ते हॉटेल आता नाही. देशी माणसांसाठी स्टेशनाबाहेर राजा गोकुलदास यांची धर्मशाळा. इंग्लंडात रेल्वे आली तशा घोडागाडीच्या वाटेवरच्या सराया ओस पडल्या. आपल्याकडे रेल्वेने स्टेशनासमोर धर्मशाळा उभ्या केल्या. नर्मदेवर तर ही रीत त्याच्याही आधीची. अहिल्याबाईंनी महेश्वरला बसून नदीवर आणि नदीपासून कितीतरी लांब घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या हिशेबात खोलीचं भाडं नव्हतं.

आजोबांना यातलं डाक बंगल्याचं प्रकरण फार आवडे. तरुणपणी कामानिमित्त मंडला, शिवनी, दमोह असे फिरले होते. डाक बंगल्यात आपलं आगमन होताच अंगणातल्या एका कोंबडीचा शेवट कसा जवळ येई, हे ते शाकाहारी असूनही रंगवून सांगत. आणि तिथला एक नियम त्यांना पाठ होता: आलेल्या प्रवाशाला चोवीस तास खोली, त्यानंतर नवा प्रवासी आला तर आधीच्याने जागा सोडायची. परछीत एकदा एक गृहस्थ तापाने आजारी पडून बावीस दिवस राहिले. विसाव्या दिवशी जेवताना आजोबांनी तो नियम काढला. आत्या वाढत होती. ती म्हणाली, “मग माझे किती तास झाले, अण्णा?”

आत्या लग्नानंतर दोन वर्षांत घरी परत आली होती. का, ते घरात कुणी विचारत नसे आणि तिने सांगितलं नाही. ती सकाळी शाळेत शिकवायला जाई. पगारातला अर्धा भाग परछीचा. माणशी शिधा ठरलेला: आटा, तांदूळ, डाळ, मीठ, मिरची, चमचाभर तेल, गुळाचा खडा. रात्री तीन. आजारी असेल तर बरं होईपर्यंत. जात विचारायची नाही, परिक्रमेला का निघालात हेही विचारायचं नाही. आपणहून सांगितलं तर ऐकायचं. जाताना वहीत नाव, गाव आणि तारीख. त्या दिवशी आजोबा ताटावरून उठून गेले, आणि तो नियम मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

त्या वह्या माझ्याकडे आहेत. सुरुवातीच्या वर्षांत महिन्याला दोन-तीन नावं, तीही बहुतेक म्हाताऱ्या माणसांची. मग मध्येच निवृत्त बँक अधिकारी येऊ लागतात, जोडपी येऊ लागतात, एक दंतवैद्य येतो. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचून आलेले मोजके होते. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर मात्र एका पानाला आठवडा पुरेना. जबलपूरचेच अमृतलाल वेगड, गुजराती घरातले, शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार, १९७७ पासून तुकड्यातुकड्याने नदी चालले आणि त्यावर लिहीत राहिले; त्यांना वाचून येणारेही आत्याने टिपून ठेवलेत, नावापुढे छोटा ‘वे’ घालून. बर्गीचं धरण झालं तेव्हा १६२ गावं त्याच्या पाण्याच्या फेऱ्यात आली. वरची जुनी वाट बुडाली. त्या सुमाराच्या पानांवर आत्याच्या अक्षरात पुढच्या मुक्कामांची नावं खोडून नवी लिहिलेली दिसतात. आलेल्या प्रत्येकाला तिला पुढची वाट सांगावी लागे आणि ती स्वतः कधी बर्गीच्या पुढे गेलेली नव्हती.

१९९७ च्या २२ मेच्या पहाटे भूकंप झाला. मे महिन्यात आमच्याकडे कुणी घरात झोपत नाही. सगळ्यांच्या खाटा अंगणात, पाहुण्यांच्यासुद्धा. आधी कुत्री भुंकली, मग जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा आवाज आला. परछीचे कवेलू एकदम खाली आले, सगळेच्या सगळे, ताटं पडावीत तसे. दोन रात्रींपूर्वी पाऊस शिंतडला होता तेव्हा पाहुणे परछीत झोपले होते. शहरात माणसं गेली, हजारो घरांना तडे गेले. मदनमहालच्या टेकडीवरचा एकावर एक तोललेला दगड मात्र होता तसाच उभा राहिला आणि लोक तो बघायला जाऊ लागले. आमच्या पोर्चला पडलेली भेग पुढे दरवर्षी थोडी थोडी रुंदावत गेली. परछीवर आम्ही पत्रे टाकले. पत्र्याखाली मे महिन्यात कुणी थांबत नाही.

आजोबा १९७१ मध्ये गेले, वडील २००२ मध्ये आणि आत्या २००९ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांची होऊन. पट्ट्यावर आजोबांनंतर वडिलांचं नाव, त्यानंतर दादाचं आणि माझं. आत्याचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. घर चालवलं तिने.

दादा डॉक्टर. तो इंग्लंडात श्रॉपशरमध्ये लडलो नावाच्या गावाजवळ राहतो. २०१४ मध्ये मी त्याच्याकडे सहा आठवडे होते. गाव लहान, किल्ल्यासमोरच्या चौकात बाजार भरतो, त्यात चीज, रोपं, जुनी पुस्तकं. क्लाइव्ह याच परगण्यातला. दादाने मला ‘द फेदर्स’मध्ये चहाला नेलं. १६१९ साली बांधलेलं घर, पुढे त्याची सराई झाली. समोरच्या काळ्या लाकडांवर इतकं कोरीव काम की भिंत कमी आणि नक्षी जास्त. जिना एका बाजूला कललेला. मी म्हटलं, “आपलं घर ऐंशी वर्षांत वाकलं, हे चारशे वर्षांत थोडंसंच.” दादा म्हणाला, “कारण इथे झोपायचे पैसे घेतात.”

दुसऱ्या रविवारी वहिनीने मला शेजारच्या गावातल्या एका बंगल्याची बाग बघायला नेलं. इथे १९२७ पासून एक रीत आहे: लोक वर्षातून एखाद-दोन दिवस आपली खासगी बाग परक्यांना उघडी करतात, तिकीट लावतात, केक आणि चहा विकतात आणि जमलेला पैसा परिचारिकांच्या संस्थांना देतात. सुरुवातीला माणशी एक शिलिंग घेत. बाई सत्तरीच्या, गुडघ्यांना माती लागलेली. वाफ्यात लार्कस्पर होता, आजोबांच्यापेक्षा दुप्पट उंच, आणि जून महिना होता! मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे हा फेब्रुवारीत फुलतो आणि पाहुणे तो देवाला वाहतात. त्यांना वाटलं मी विनोद केला. हसल्या, आणि मला केकचा आणखी एक तुकडा दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

रात्री दादाने कागद काढले. पट्ट्याचं नूतनीकरण, दुरुस्तीचा खर्च, एका बिल्डरने दिलेला आकडा. सगळं बरोबर होतं. मी म्हटलं, परछी? तो म्हणाला, “आत्या होती तेव्हा होती.” मग जरा थांबून, “तू करून राहिली आहेस का ते?” इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून जबलपूरची मराठी ऐकली. मी म्हटलं, हो. ते अर्धंच खरं होतं.

आता जे सांगायचं ते सांगते. आत्या गेल्यावर मी शिधा देत होते, पण मनातून कंटाळले होते. शाळा, घर, गळणारे पत्रे, आणि पाहुण्यांच्या हातात आता मोबाइल. येण्याआधी फोन करून ‘गरम पाण्याची सोय आहे का’ विचारणारे. २०१६ च्या जानेवारीत, संध्याकाळी सातच्या सुमाराला, एक बाई फाटकाशी आल्या. साठीच्या असतील. एकट्या. पांढरं पातळ, डोक्याला मफलर, काठी. मोबाइल नव्हता. म्हणाल्या, “इथे आत्या राहतात ना?” मी म्हटलं, आत्या गेल्या. त्या गप्प उभ्या राहिल्या. मला ताप होता, थंडी होती, परछीची चूल ढासळली होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही कारण नाही. मी म्हटलं, “आता आम्ही कुणाला ठेवत नाही. स्टेशनजवळ धर्मशाळा आहे, रिक्षा करून देऊ का?” त्या म्हणाल्या, “मी वाहनात बसत नाही, बाळ. पाणी मिळेल?” मी पाणी आणलं. त्यांनी कमंडलू भरून घेतला, बकुळीला हात लावून नमस्कार केला, नर्मदे हर म्हणाल्या आणि अंधारात राणीतालच्या दिशेने चालू लागल्या. राणीताल, चेरीताल, भंवरताल. या गावातली तलावांची नावं आता बहुतेक वस्त्यांची नावं आहेत. तो रस्ता नदीकडे जात नाही. मी त्यांना तेही सांगितलं नाही.

त्यांचं नाव वहीत नाही. त्या महिन्याचं पान तारीख घालून मी कोरं ठेवलं आहे.

२०१८ मध्ये घर दिलं. बिल्डर वाईट माणूस नव्हता; बकुळ वाचवतो म्हणाला, आणि पाया खणताना मुळं तुटली तेव्हा स्वतः येऊन सांगितलं. कक्काचा मुलगा मागच्या बागेतून प्राजक्ताच्या फांद्या घेऊन गेला. आता तिथे पाच मजले आहेत आणि दुसऱ्या मजल्यावरचं एक घर माझं आहे, आधीच्या परछीच्या साधारण वर. खाली पहारेकरी बसतो. त्याच्याकडेही वही आहे: नाव, गाडीचा क्रमांक, कुणाकडे जायचं. रात्री बाहेरच्या माणसाला थांबवायचं असेल तर सोसायटीच्या सचिवांना कळवावं लागतं.

पत्रं बंद झाली आहेत, पण पत्ता बंद झालेला नाही. कुठल्याशा यादीत, कुणाच्या तरी वहीत आमचं ‘द्वारा’ अजून चालू आहे. आता येतात ती कुरिअरची खोकी: रक्तदाबाच्या गोळ्या, थर्मल बनियन, चार्जर. पहारेकरी हाक मारतो, “दीदी, आपके बाबाजी का पार्सल.” मागच्या डिसेंबरात असंच एक खोकं आलं. आत कॅनव्हासचे बूट, आठ नंबर, साताऱ्याहून मुलाने पाठवलेले. बाबाजी तोपर्यंत ग्वारीघाटाहून मंडल्याकडे निघून गेले होते. मी खोकं सोफ्याखाली ठेवलं. तीन महिने.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलाचा फोन आला: वडील दक्षिण तटावर आहेत, उद्या सकाळी गुरुद्वाऱ्याजवळ पोचतील, पण तुम्ही त्रास घेऊ नका. मी सहा वाजता ऑटोने घाटावर गेले. धुकं होतं. नाव भरेपर्यंत नावाडी सुटेना. दोन शीख बायका आणि एक सायकलवाला आल्यावर सुटला. पलीकडे वाळूत एक उंच, काळवंडलेले गृहस्थ काठी टेकून उभे होते. मी बूट दिले. ते खाली बसले, पायांना गुंडाळलेल्या चिंध्या सोडल्या आणि बूट चढवू लागले. चालून चालून पाय सुजले होते. आठ नंबर होईना. त्यांनी टाचेकडची कड आत दुमडली, चपलेसारखे घातले आणि चार पावलं टाकून बघितली.

“चालतील,” म्हणाले.

मी पिशवीतून वही काढली. त्यांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि तारखेशी अडले. मलाही चटकन आठवेना. नावाड्याला विचारलं.